अठरा हजारांची झोप

लाइट नव्हती, आणि तरी एक माग चालू होता.

आण्णांचा हात ताटातच थांबला. आण्णा म्हणजे माझे वडील, आण्णासाहेब मगदूम, इचलकरंजीत आठ मागांचे मालक. आमच्या भागात शुक्रवारी वीज बंद असायची. बाकीचे सहा दिवस भिंतीपलीकडच्या शेडमध्ये माग रात्रंदिवस खटाखटत असायचे, शेजाऱ्यांचे वेगळे, समोरच्यांचे वेगळे, आणि शुक्रवारी सगळी गल्ली एकदम गप्प व्हायची. त्या शांततेत काय करायचं हे आम्हाला कधीच नीट जमलं नाही. सवयीनं आम्ही एकमेकांशी ओरडूनच बोलायचो आणि आपल्याच आवाजाला दचकायचो.

“कुठला चालू हाय?” आण्णांनी विचारलं.

“एकबी न्हाई,” भरतेशदादा म्हणाला. “लाइट न्हाई तर चालंल कसा?”

“मग ह्यो आवाज कशाचा?”

ऐकलं तर खरंच आवाज होता. खर्रर्र, खर्रर्र, आणि मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. आम्ही घास तोंडात धरून थांबलो. मग एकदम खाट्, आणि परत चालू.

“मधेच थांबालाय,” आण्णा म्हणाले. “धोटा अडकत असणार.”

धोटा म्हणजे मागात सूत घेऊन इकडून तिकडे पळतो तो. तो अडकला की माग अडकला. आण्णांनी हात धुतला, पाना उचलला आणि शेडकडे निघाले. मी मागोमाग. मी तेव्हा बी.कॉम. झालेलो होतो आणि घरात माझं काम एवढंच होतं, की कोणी कुठं निघालं तर त्याच्या मागोमाग जायचं.

ताप बघतात तसा आण्णांनी एकेका मागाला हात लावून बघितला. सगळे गार. शेवटी आठ नंबर. हा घराच्या भिंतीला लागून होता आणि सगळ्यांत म्हातारा होता. आण्णांनी घेतलेला पहिला माग हाच, पण नंबर दारापासून टाकले म्हणून बिचारा आठवा झाला. त्याची चाल लंगडी होती. बाकीचे खटाखट खटाखट चालायचे, हा खटाक-खट, खटाक... खट. मंदीमुळे आठातले पाचच माग चालू असायचे त्या वर्षी, पण आठ नंबर कधी बंद नसायचा.

आण्णांनी त्याच्यावर हात ठेवला. तोही गार. आवाज मात्र इथं जास्त येत होता. आण्णांनी भिंतीला कान लावला. मागवाल्याचा कान तो, त्याला हळू काही ऐकू येत नसे, तरी हे आलं. मग ते म्हणाले, “भिंतीत हाय.”

भिंतीपलीकडे अनूची कॉट होती.

अनू म्हणजे दादाची मुलगी, वय सहा. पूर्ण नाव अनुप्रेक्षा. हे नाव आण्णांनीच ठेवलं होतं आणि ते तिच्यापेक्षा लांब होतं. ती तोंड उघडं टाकून, मान मागं टाकून झोपली होती आणि घोरत होती. एवढ्याशा पोरीतून तो आवाज कसा येत होता हे कळायला मार्ग नव्हता. राजमती वहिनी कॉटपाशी उभ्या होत्या. अनूचा आवाज थांबला की त्यांचा हात छातीशी जायचा, चालू झाला की खाली यायचा.

“मला वाटायचं, किती गुणाची झोपती,” वहिनी म्हणाल्या.

सहा वर्षं ती आमच्यात झोपत होती. शुक्रवारी तिला झोपच लागत नसे, त्या दिवशी मात्र खेळून दमून पडली होती. भिंतीपलीकडे आठ नंबर चालू असताना कोणाला काय ऐकू येणार?

आण्णा हातात पाना घेऊन तिच्याकडे बघत राहिले. ह्याला कुठं पिळायचं, हे त्यांना समजत नव्हतं.

गावातले कानाघशाचे डॉक्टर शेंडे. तरुण होते आणि हळू बोलायचे, त्यामुळं आमच्या घरातल्या कोणालाही ते काय बोलतात ते पहिल्यांदा कळायचं नाही. दुसऱ्यांदा कळलं ते असं: टॉन्सिल्स लिंबाएवढे झालेत, नाकामागं पण गाठ वाढलीय, काढावं लागणार. पण त्याआधी एक प्रश्न आहे. काही मुलं नुसती घोरतात. काहींचा झोपेत श्वासच थांबतो. नुसती घोरणारी मुलं ऑपरेशन करून इथूनच घरी पाठवता येतात. श्वास थांबणाऱ्यांना ऑपरेशननंतरची पहिली रात्र आयसीयू असलेल्या मोठ्या दवाखान्यात काढावी लागते, कारण घसा सुजलेला असतो आणि श्वास अजूनच अडू शकतो. अनू कुठल्या प्रकारात येते, ते झोपेची टेस्ट केली की कळेल. टेस्ट कोल्हापूरला होते. अठरा हजार.

“आणि ऑपरेशन?” आण्णांनी विचारलं.

इथं केलं तर बावीस, डॉक्टर म्हणाले.

 आण्णांनी मग डॉक्टरांशी जो सौदा चालू केला, तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. अर्धी रात्र मोजली तर नऊ हजारांत होईल का? नाही. मग सॅम्पल म्हणून एक तास मोजला तर? नाही. झोपायचं पोरीनं, घोरायचं पोरीनं, मग ते अठरा हजार कशाचे? मशीनचे. मशीन रात्रभर वापरणार का? हो. मग दिवसा ते रिकामंच असतं, तर दिवसाच्या रेटनं काही? डॉक्टर शेवटपर्यंत हसले नाहीत. ही टेस्ट मी सगळ्या मुलांना सांगत नाही, म्हणाले. हिच्या बाबतीत मला शंका आहे, म्हणून सांगतोय. विचार करा.

येताना रिक्षात आण्णा एवढंच म्हणाले, “कापड विणायचं बावीस, आणि माग नुसता बघायचं अठरा.” रिक्षावाल्यानं मागं वळून मान हलवली. तोही मागवालाच असणार.

विचार करण्याचं काम घरात माझ्याकडं आलं, कारण मी शिकलेला होतो आणि मोकळा होतो. मी म्हणालो, अठरा हजार कशाला, टेस्ट मीच करतो. त्या रात्री मी अनूच्या उशीशी मोबाइल ठेवून रेकॉर्डिंग लावलं, आणि श्वास किती वेळा थांबतो ते मोजायला शेजारी बसलो. सकाळी वहिनींनी मला उठवलं. टेस्टचं असं झालं की पेशंट आणि मशीन दोन्ही एकदम झोपले.

रेकॉर्डिंग तरी होतं. ते घेऊन मी आणि आण्णा डॉक्टरांकडं गेलो. डॉक्टरांनी डोळे मिटून, टेबलावर कोपर टेकून, अगदी मन लावून ऐकलं. मोबाइलमधून खटाखट खटाखट खटाक-खट येत होतं. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले.

“तुमचे माग उत्तम चाललेत,” ते म्हणाले.

आण्णांना हे आवडलं. मला वाटतं, आपल्या मागांचं एवढं लक्षपूर्वक कौतुक त्यांचं पूर्वी कोणी केलं नव्हतं. पण टेस्टचा विषय काही हलला नाही. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं, की टेस्ट करायची नाही, सरळ ऑपरेशन करून टाकायचं, पोरगी दुसऱ्या दिवशी आइस्क्रीम खात घरी. अनूनं याला पाठिंबा दिला.

 दादा आण्णांच्या निर्णयापुढं कधीच काही बोलत नसे. वहिनी पोळ्या लाटत होत्या, त्यांनी लाटणं बाजूला ठेवलं.

“मामंजी, धोटा अडकल्यावर तुम्ही माग चालू ठेवता?”

आण्णांनी त्यांच्याकडं बघितलं.

“न्हाई ना? आधी बघता ना कशानं अडकालाय ते?”

वहिनींनी परत लाटणं उचललं. आण्णा उठून शेडमध्ये गेले आणि रात्रीपर्यंत आत आले नाहीत. आमच्या घरात कसलंच गुपित राहत नाही, कारण सगळं ओरडूनच सांगावं लागतं. वहिनींचं हे बोलणं दुसऱ्या दिवशी चार गल्ल्यांत पोचलं होतं. समोरच्या मागवाल्या काकूंनी तर वहिनींना दारात गाठून विचारलं, मग काय म्हणाले मामंजी?

मामंजी आठवडाभर काहीच म्हणाले नाहीत. त्याच आठवड्यात आठ नंबर टेम्पोत घालून दुरुस्तीला गेला. लंगडतोय किती दिवस, म्हणाले, एकदा नीट करून घेऊ. मग एका सकाळी त्यांनी वहिनींच्या हातात नोटा ठेवल्या. भिशी लागली, म्हणाले. घ्या, झोपवून आणा पोरीला.

अनू त्या आठवड्यात फार चिडचिड करायची, रात्री उठून बसायची. ते आम्ही टॉन्सिल्सच्या खात्यावर टाकलं.

टेस्टला पेशंटबरोबर एकच माणूस, असा नियम होता. आम्ही चौघं गेलो. दवाखान्याच्या दारावरच्या वॉचमननं विचारलं, पेशंट कोण? आण्णांनी सगळ्यांकडं हात केला. तो हसला आणि त्यानं सोडलं. आम्ही जैन, सूर्यास्ताआधी जेवायचं म्हणून बसस्टँडवरच डबे उघडून मोकळे झालो होतो, त्यामुळं जेवणाचा प्रश्न नव्हता. प्रश्न फक्त झोपेचा होता.

टेस्ट घेणाऱ्या बाईंचं नाव मृदुला. त्यांनी अनूच्या डोक्याला, हनुवटीला, पायांना तारा चिकटवल्या, छातीला आणि पोटाला पट्टे बांधले, नाकाखाली नळी लावली आणि बोटाला लाल दिव्याचा चिमटा. अनू खूश होती. तिनं आरसा मागितला, स्वतःला बघितलं आणि म्हणाली, “आण्णा, मी बीम दिसतेय.” बीम म्हणजे मागावर चढवायचा सुताचा मोठा रूळ, हजारो तारांचा. आण्णा म्हणाले, “व्हय. आता नीट चाल.”

मग मृदुला मॅडमनी दार लावून घेतलं आणि आवाज संपला.

असा आवाज मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता, म्हणजे असा नसणारा. भिंतींना काहीतरी मऊ लावलेलं होतं. खिडकी बंद, पंखा बंद. आपल्या पोटातलं ऐकू येत होतं. मी खाकरलो तर मृदुला मॅडम पलीकडच्या खोलीतून स्पीकरवर म्हणाल्या, “काही हवंय का?”

अनू डोळे टक्क उघडे ठेवून छताकडं बघत होती.

“वाजत का नाहीय?” तिनं विचारलं.

“काय?”

“काहीच.”

वहिनींनी तिला थोपटलं. गाणं म्हटलं. वहिनींचा गाण्याचा गळा मागांवरून पलीकडं जाण्यासाठी तयार झालेला होता. दुसऱ्या कडव्याला वरच्या मजल्यावरची नर्स बघायला आली. दादानं गोष्ट सांगितली. मी जांभया देऊन दाखवल्या. एवढ्या जांभया दिल्या की वहिनींना झोप आली. अनूला नाही.

मृदुला मॅडम आत आल्या आणि त्यांनी फार शांतपणे सांगितलं, की पोरगी पुरेशी झोपली नाही तर काही मोजताच येणार नाही, आणि मग दुसऱ्या दिवसाची तारीख घेऊन परत यावं लागेल.

“परत फी?” दादानं विचारलं. टेस्टच्या विषयात दादा पहिल्यांदा बोलला तो हे.

“हो. पूर्ण.”

आण्णा बाहेर व्हरांड्यात बाकावर बसले होते. त्यांना हे ऐकू जायचं कारण नव्हतं, पण दार उघडं होतं आणि दादानं ते आमच्या घरच्या आवाजात विचारलं होतं. मला त्यांची पाठ दिसत होती. ती हलली नाही.

मी समोरच्या काकूंना फोन लावला. कल्पना साधी होती: मोबाइल शेडमध्ये मागाशी धरा, इकडं मी स्पीकर लावतो, पोरगी झोपते. काकू म्हणाल्या, “अरे श्रेणिक, आज शुक्रवार की रे.”

शुक्रवार. दवाखान्यानं तारीख दिली तेव्हा आमच्यातल्या कोणी वार बघितला नव्हता. आख्ख्या इचलकरंजीतला आमचा भाग त्या क्षणी गप्प होता, आणि एक आम्ही इथं पैसे भरून गप्प होतो.

मग मी लोखंडी कपाटावर हातानं ठेका धरला. खटाखट खटाखट. लहानपणापासून ते ऐकत आलो होतो, हाताला सांगावं लागलं नाही.

अनूनं मान माझ्याकडं वळवली. “हा दोन नंबर.”

“बरं. मग?”

“माझा नाही.”

दादा माझ्या जोडीला आला. त्यानं पाण्याचं स्टीलचं तांब्या-भांडं घेतलं. आता दोन माग झाले. अनूनं ऐकलं आणि दादाला सांगितलं, की तू चार नंबर आहेस, आणि काका आता सहा झालाय, मधेच बदलू नको. वहिनी हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

“तुझा कुठला गं?” मी विचारलं.

“भिंतीतला,” अनू म्हणाली.

व्हरांड्यातून आण्णा आत आले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून वहिनींकडं दिलं, कॉटपाशी लाकडी स्टूल ओढलं, रिकामा डबा मांडीवर उपडा घेतला आणि बोटांच्या गाठींनी सुरुवात केली.

खटाक-खट. खटाक... खट. खटाक-खट. खटाक... खट.

“हां,” अनू म्हणाली आणि तिनं डोळे मिटले.

स्पीकर खरखरला. “तिथं काय चाललंय?” मृदुला मॅडमनी विचारलं.

“आठ नंबर,” मी म्हणालो.

 मला वाटलं आता आम्हाला हाकलतात. घोरणं ऐकायचा माइक असतो, तो आता वाया गेला असणार, हे मलाही समजत होतं. मग स्पीकरमधून अगदी हळू आवाज आला. “माइकचं जाऊ द्या, बाकीचं सगळं येतंय. ती झोपतेय. थांबू नका.”

आण्णा थांबणार नव्हतेच. आम्ही तिघं भिंतीला टेकून उभे, मधे ती तारांमधली पोरगी, आणि स्टुलावर आण्णा, मान खाली, डबा मांडीवर. ते जरा दमले आणि एक ठोका चुकला की अनूची पापणी हलायची. मग परत खटाक-खट.

आणि तेवढ्यात दार वाजलं.

दारात एक जाडजूड गृहस्थ उभे होते. अंगात रेशमी झब्बा, आणि डोक्यातून, हनुवटीतून, छातीतून अनूसारख्याच तारा लोंबत होत्या. शेजारच्या खोलीतले पेशंट. मी हात जोडूनच पुढं गेलो. लहान मूल आहे, झोपत नाही, दहा मिनिटांत बंद करतो, असं सगळं एका दमात बोलून टाकलं.

“बंद नका करू,” ते म्हणाले. “जरा मोठ्यानं करा. माझ्या खोलीत कमी येतोय.”

आण्णांनी मान वर केली. हात चालूच.

“झंवरशेठ?”

“आण्णासाहेब?”

गावातले कापडाचे व्यापारी झंवरशेठ. पूर्वी ते आम्हाला सुताची बीमं द्यायचे, आम्ही विणून द्यायचो, ते मजुरी द्यायचे. एकदा त्यांनी आमचा एक ताका, म्हणजे कापडाचं अख्खं ठाण, दोन तारा तुटल्यात म्हणून परत पाठवला. त्यावरून आण्णा त्यांच्या पेढीवर जाऊन ओरडले होते, आणि तिथं माग नसल्यामुळं ते फार मोठ्यानं ऐकू गेलं होतं. तेव्हापासून एकमेकांचं तोंड बघत नव्हते. आमचे तीन माग रिकामे होते त्याचं हेही एक कारण.

शेठ दाराच्या चौकटीला टेकले. ही माझी दुसरी खेप, म्हणाले. मागच्या वेळी रात्रभर डोळा लागला नाही, पैसे गेले. आजही तेच चाललं होतं. घराच्या मागंच मागांची शेड आहे ना. सवय वाईट.

“आमचं कापड तुम्हाला चालत न्हाई,” आण्णा म्हणाले. खटाक-खट. “आवाज कसा चालतो?”

शेठनी जांभई दिली. भलीमोठी, खरी, पैसे वसूल करणारी जांभई.

“ताका नापास होता, आण्णासाहेब,” ते म्हणाले. “माग पास आहे.”

आणि गेले. मृदुला मॅडम दोन्ही खोल्यांची दारं उघडी ठेवून मधे उभ्या राहिल्या. थोड्याच वेळात शेजारून जो आवाज आला, तो ऐकून दादा म्हणाला, “हा तर ऑइल इंजिनवरचा हाय.”

मग मॅडमनी आण्णांना सांगितलं, की आता पुरे, ती गाढ झोपलीय, दोघंही झोपलेत. आण्णांना ऐकू आलं नाही, किंवा आलं. मी व्हरांड्यात जाऊन बाकावर आडवा झालो आणि मलाही झोप लागली, कारण मीही त्याच घरातला. झोपेपर्यंत आठ नंबर चालू होता.

सकाळी आण्णांची बोटं टम्म फुगली होती. चहाचा कप त्यांना दोन्ही तळव्यांत धरावा लागला. झंवरशेठ तोंड धुऊन, तारा काढून, पाच वर्षांनी लहान होऊन आले आणि खिशात हात घालून म्हणाले, माझी एक फी तुमच्यामुळं वाचली, ती तुम्ही घ्या.

“न्हाई,” आण्णा म्हणाले. “ते सॅम्पल होतं. सॅम्पलला पैसे नसतात.”

“मग?”

“बीमं पाठवा.”

रिपोर्ट घेऊन आम्ही डॉक्टर शेंड्यांकडं गेलो. त्यांनी तो दोनदा वाचला. श्वास तासाला किती वेळा थांबत होता तो आकडा मी इथं लिहीत नाही. वहिनींनी तो ऐकला आणि खुर्चीच्या हाताला धरलं, एवढं सांगतो. डॉक्टर म्हणाले, माझ्याकडं नाही करायचं. कोल्हापूरला करा, आयसीयू सांगून ठेवतो. त्यांचे बावीस हजार असे गेले आणि ते बोलताना त्यांना हलकं वाटत होतं.

ऑपरेशन झालं. पैसे निम्मे झंवरशेठच्या मजुरीच्या उचलीतून आले, निम्मे दादाच्या सासऱ्यांकडून. त्या पहिल्या रात्री अनूचा ऑक्सिजन एकदम खाली आला. मशीन वाजलं, दोघं जण धावत आले, तोंडावर मास्क लावला आणि तो वर आला. सकाळी त्यांनी आम्हाला सांगितलं, विशेष काही नव्हतं. ते तिथं होते म्हणून ते विशेष काही नव्हतं. घरी असती तर पलीकडं माग चालू असते आणि आम्ही म्हणालो असतो, किती गुणाची झोपलीय.

आज अनू पुण्यात हॉस्टेलला असते आणि रूममेट घोरते अशी तिची तक्रार असते. पण मला गोष्ट एका शुक्रवारची सांगायची आहे, ऑपरेशनला पंधरवडा झाल्यावरची.

लाइट नव्हती. दुपारी झंवरशेठ स्वतः टेम्पोबरोबर आले. आठ बीमं होती. मी, दादा आणि टेम्पोवाल्यानं ती एकेक करून शेडमध्ये लावली. सात मागांपाशी सात ठेवली. आठवं घेऊन मी भिंतीपाशी गेलो. तिथं जमिनीवर चार बोल्टची भोकं होती आणि तेलाचा डाग.

“आठवा कुठाय?” शेठनी विचारलं.

“दुरुस्तीला गेलाय,” मी म्हणालो. “येईल आता.”

 आण्णा खाली वाकून सात नंबरचा पट्टा उगाच ताणून बघत होते. शेठ त्यांच्याकडं बघत राहिले. शेठ व्यापारी माणूस, त्यांना भंगारवाल्याचा टेम्पो आणि दुरुस्तीचा टेम्पो यांतला फरक माझ्यापेक्षा लवकर कळला असणार.

“आण्णासाहेब, आठवा कुठाय?”

“दवाखान्यात,” आण्णा म्हणाले.

दादाचा हात बीमवरच राहिला. घराच्या दारात वहिनी चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या, त्या तिथंच थांबल्या. त्यांना भिशीच्या नोटा आठवत असणार. मलाही आठवत होत्या. त्या नोटांना तेलाचा वास येत होता, आणि ज्या घरात मीठ संपल्याचंही चार गल्ल्यांना कळतं, त्या घरात आण्णांनी आयुष्यात ही एकच गोष्ट हळू बोलून केली होती.

शेठनी खोकल्यासारखं केलं. “बीम राहू द्या,” ते म्हणाले. “डिस्चार्ज झाला की चढवा.”

मग चहा झाला. शांतता एवढी होती की बशीत कप ठेवला तरी सगळे बघायचे. आण्णांनी एकदम कप खाली ठेवला.

“काय वाजत न्हाई,” ते म्हणाले.

“शुक्रवार हाय, आण्णा,” दादा म्हणाला.

“ते न्हाई.” ते भिंतीकडं बघत होते. “भिंतीत काय वाजत न्हाई.”

ते उठून आत गेले. मी मागोमाग. अनू कॉटवर कुशीवर झोपली होती, तोंड मिटलेलं, एक हात गालाखाली. आवाज म्हणून नव्हता. आण्णा वाकले, कान तिच्या नाकापाशी नेला. मागवाल्याचा कान. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

“तुला ऐकू येतंय?”

“न्हाई.”

“म्हणजे तिचं घोरणं गेलं का आपले कान?”

मी म्हणालो, तिचं घोरणं. त्यांचा विश्वास बसला नाही. मग बोट त्यांनी तिच्या नाकाखाली धरलं. तेवढ्यानंही भागलं नाही. शेवटी त्यांनी तिचा खांदा धरून हलवला.

“अनू. ए अनुप्रेक्षा. झोपलीस का?”

अनूनं एक डोळा उघडला. “आण्णा, झोपू द्या की,” ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून परत झोपली.

आण्णा शेडमध्ये आले. सगळे त्यांच्याकडं बघत होते, शेठसुद्धा. आण्णांनी आपला चहाचा कप उचलला, चहा गार झाला होता तो पिऊन टाकला, आणि मग आम्हाला सगळ्यांना मिळून सांगितलं.

“चालू हाय.”